ऑफिसच्या काचांना फिल्म लावताय? या चुका टाळा

पश्चिमेकडची काच, एप्रिलची दुपार, एसी १८ वर, तरी खिडकीलगतच्या खुर्च्यांवर कुणी बसायला तयार नाही. मग फिल्म लावायचं ठरतं आणि दुकानातली सगळ्यात काळी उचलली जाते. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. काळा रंग प्रामुख्याने उजेड अडवतो. वर भरदुपारी दिवे लावायची वेळ येते. रंगाऐवजी डेटाशीटवरचे दोन आकडे बघा: टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडते, आणि व्हीएलटी, म्हणजे उजेड किती आत येतो. ‘९९ टक्के यूव्ही (अतिनील किरण) अडवते’ हे ब्रोशरवाल्यांचं आवडतं वाक्य. त्याने पडदे, फर्निचर कमी विटतं. विजेच्या बिलाला त्याचं फारसं सोयरसुतक नाही.

सगळ्यात महाग पडते ती चूक म्हणजे मुळात काच कोणती आहे हे न पाहणं. स्वस्तातली रंगवलेली फिल्म उष्णता शोषते. काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड मात्र थंड राहते, आणि सगळा ताण कडेवर येतो. टफन न केलेल्या (म्हणजे तापवून मजबूत न केलेल्या) काचेच्या कडेला बारीक टवका असला की तिथूनच तडा जातो. काचेवर छज्ज्याची अर्धी सावली पडत असेल किंवा आतून कपाट टेकवलेलं असेल तर धोका आणखी वाढतो. डबल ग्लेझिंग (मध्ये पोकळी असलेली दुहेरी काच), लॅमिनेटेड (मधल्या थराने चिकटवलेल्या काचा), आत तारेची जाळी असलेली किंवा आधीच रंगीत काच असेल तर कोणत्या काचेवर कोणती फिल्म चालते हे सांगणारा उत्पादकाचा सुसंगतता तक्ता पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. काच तडकली तर भरपाई कोण देणार, तेही लेखी घ्या. तडा कडेपासून काटकोनात निघाला असेल तर बहुधा उष्णतेचा. दगडाचा तडा आघाताच्या जागेपासून चहूकडे पसरतो.

१०० किंवा २०० मायक्रॉनची सेफ्टी फिल्म काच फुटू देत नाही, असं समजू नका. ती फुटलेले तुकडे धरून ठेवते, एवढंच. फिल्मची कड चौकटीला स्ट्रक्चरल सिलिकॉनने (मजबूत सीलंटने) बांधली नसेल, तर फुटलेली टफन काच ओल्या गोधडीसारखी अख्खीच खाली येऊ शकते. आगीच्या वेळी फोडायच्या काचांवर ही फिल्म लावण्याआधी फायर सल्लागाराला विचारा.

लावल्यावर पाण्याचे फुगे किंवा धुरकटपणा दिसला तर टाचणी टोचू नका. पाणी सुकायला महिनाभर लागू शकतो. जाड फिल्मला किंवा पावसाळ्यात त्याहून जास्त. आत धूळ अडकली असेल तर मात्र ती जाणार नाही, काम परत करून घ्या. पाणी सुकेपर्यंत काच पुसू नका. नंतरही अमोनियाचं क्लीनर आणि ब्लेड नको. साबणपाणी, मऊ कापड पुरे.

आरशासारखी फिल्म रात्री उलटते: आत दिवे, बाहेर अंधार, की रस्त्यावरून सगळं दिसतं. पडदे ठेवावेच लागतात. धातूचा थर असलेल्या फिल्मने मोबाइलची रेंजही कमी होऊ शकते, म्हणून आधी एका केबिनला लावून फोन करून बघा.