खोलीतली हवा खरंच बदलते का? मोजून बघा

छताचा पंखा जोरात फिरत असला की खोली हवेशीर वाटते. पण पंखा खोलीतलीच हवा ढवळतो, बाहेरची आत आणत नाही. नेहमीच्या स्प्लिट एसीचंही तेच. म्हणून अंगाला वारा लागतो की नाही, यावर जाऊ नका. उदाहरणाला ३ × ४ मीटरची, २.८ मीटर उंचीची बेडरूम घेऊ. तिच्यात ३३.६ घनमीटर हवा मावते. ही हवा तासाला किती वेळा बदलते, ते घरच्या घरी काढता येतं.

आधी टेप घ्या. १.५ × १.२ मीटरची दोन झडपांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, म्हणजे ०.९ चौ. मी. तीच बिजागरीची असती तर ९० टक्के धरतात, म्हणजे १.६२ चौ. मी. इको निवास संहिता (२०१८), म्हणजे घरांसाठीची केंद्राची ऊर्जाबचत नियमावली, मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के उघडणारं क्षेत्र मागते. तो हिशेब अख्ख्या घराचा असतो, तरी आपली खोली ७.५ टक्क्यांवर आहे हे ध्यानात ठेवा. मच्छरजाळी वारा आणखी अडवते. धूळ साचलेली असेल तर विचारूच नका.

आता उदबत्ती. पंखे बंद करून ती खिडकीच्या खालच्या कडेशी धरा, मग वरच्या. धूर मुळातच वर चढतो, त्यामुळे तो आत वळतो की बाहेर एवढंच बघायचं. खाली आत आणि वर बाहेर जात असेल, तर एकाच खिडकीवर तापमानातल्या फरकाने देवाणघेवाण चालली आहे. ती संथ असते. दोन्हीकडे आत येत असेल, तर हवा दुसरीकडून बाहेर पडते आहे. दाराच्या फटीशी बघा. संडास-बाथरूमच्या डक्टकडच्या खिडकीशीही उदबत्ती न्या. खिडक्या बंद आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू असेल, तर डक्टमधली घाण हवा उलटी घरात ओढली जाते.

उदबत्ती दिशा सांगते, प्रमाण नाही. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा मीटर लागतो, तोही एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने थेट हाच वायू मोजणारा. काही स्वस्त मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाजाने आकडा दाखवतात. जवळ सॅनिटायझरचा कापूस धरल्यावर आकडा उडाला, तर तो मीटर या कामाचा नाही. चांगला मीटर १५ मिनिटं गॅलरीत ठेवा. तिथे ४३०च्या आसपास पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दिसायला हवेत. रहदारीच्या रस्त्यालगत थोडे जास्त.

दार-खिडकी लावून तीन मोठी माणसं तासभर खोलीत बसवा. आकडा दीड हजाराच्या पुढे जाईल. मीटर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर ठेवा, खिडकीच्या कठड्यावर नाही. पंखा हळू चालू ठेवा, म्हणजे हवा एकसारखी मिसळेल. मग खिडकी रोज उघडता तेवढीच उघडा, सगळे बाहेर पडा, दार लावून घ्या. माणूस आत राहिला तर हिशेब चुकतो. पहिली दोन मिनिटं सोडून आकडे टिपायला लागा. मीटरचा आकडा फोनवर दिसत असेल तर सोपं जातं.

समजा, सुरुवातीला १६३० आणि बाहेर ४३०. जादा १२००. हे जादा ३७ टक्क्यांवर, म्हणजे ४४४ वर यायला, मीटरवर ८७४ दिसायला, किती मिनिटं लागली ते बघा. ६० भागिले ती मिनिटं, हे तासाचे हवाबदल. २० मिनिटं लागली तर ३. म्हणजे तासाला १०० घनमीटर, सेकंदाला २८ लिटर. तिघांत वाटले तर दर माणशी ९ च्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बिगर-निवासी जागांसाठी माणशी सेकंदाला किमान १० लिटर सांगितले आहेत, त्याच्याशी ताडून बघा.

आता दार आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडून हेच पुन्हा करा. समोरासमोर वाट मिळाली की मिनिटं सहसा झपाट्याने घटतात. पण आकडा ४३० कडे न जाता ७००-८०० वर अडकला, तर आत येतेय ती बाहेरची नाही, हॉलमधली वापरलेली हवा. गॅस चालू असताना चाचणी घेऊ नका. ज्योतीतूनही कार्बन डायऑक्साइड निघतो.

एका मोजणीवर निकाल देऊ नका. मुंबईत दुपारी समुद्रावरून वारा येतो, रात्री तो पडतो किंवा जमिनीकडून वाहतो. पश्चिमेची खिडकी दुपारी उत्तम आणि रात्री निकामी ठरू शकते, आणि बेडरूममध्ये तुम्ही असता ते रात्रीच. म्हणून दुपारी तीनदा, रात्री तीनदा मोजा. रात्रीचा सर्वांत वाईट आकडा धरा. मग जाळी धुऊन, दाराखाली फट ठेवून, एकेक बदल करत पुन्हा मोजा. दोन बदल एकदम केलेत, तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.