आरव्ही उभी करताना जॅकखाली काय ठेवायचं आणि चाकाखाली काय

पावसाळ्यात मोटरसायकल साइड स्टँडवर लावताना खाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा सरकवायचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. स्टँडचं टोक लहान आणि माती ओली, म्हणून टोक रुततं आणि गाडी आडवी होते. अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडवर आरव्हीच्या, म्हणजे आत राहता येईल अशा मोटरहोमच्या किंवा गाडीमागे ओढायच्या ट्रेलरच्या, जॅकखाली पॅड ठेवतात ते ह्याच कारणासाठी. फक्त इथे जॅकच्या एका पायावर शेकडो, कधी हजारो पौंड वजन येतं.

खरेदीआधी एक फरक पक्का करा. ब्लॉक उंची देतो, पॅड वजन पसरवतो. चार इंच उंचीसाठी पॅडवर पॅड रचले तर ते सरकतात. मऊ जमिनीवर नुसताच पोकळ प्लास्टिकचा ब्लॉक ठेवला तर तो खालून आधार नसल्यामुळे तडकतो. बहुतेक फजित्या ह्याच दोन अदलाबदलींतून होतात.

आधी आपला जॅक ओळखा

ट्रेलरच्या चार कोपऱ्यांवरचे कात्रीसारखे किंवा घडी होऊन उतरणारे जॅक स्टॅबिलायझर असतात. आत चालताना घर डुलू नये एवढंच त्यांचं काम. त्यांनी ट्रेलर उचलून पातळीत आणायचा प्रयत्न केला तर जॅक वाकतो, नाहीतर चासी पिळवटते. पुढच्या टंगवरचा (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्यावरचा) टंग जॅक मात्र खरं वजन पेलतो, साधारणपणे ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. मोठ्या मोटरहोमचे हायड्रॉलिक लेव्हलिंग जॅक अख्खी गाडी उचलतात, त्यामुळे सगळ्यात मोठे पॅड त्यांनाच लागतात.

भाड्याने मिळणाऱ्या क्लास सी मोटरहोमला (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या मध्यम आकाराच्या गाडीला) बहुधा जॅक नसतातच. सुट्टीत यलोस्टोनला जाण्यासाठी तशी गाडी घेतली असेल, तर पॅडचा विषय सोडा. चाकाखाली ठेवायचे प्लास्टिकचे ब्लॉक आणि दोन जोड्या चॉक (चाक घरंगळू नये म्हणून लावायच्या पाचरी) पुरतात.

पॅड किती मोठा?

हिशेब सोपा आहे: वजन भागिले क्षेत्रफळ. ६००० पौंडांच्या ट्रेलरच्या टंगवर ९०० पौंड धरा. जॅकचा पाय ६ इंच व्यासाचा गोल असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच, म्हणजे जमिनीवर दर चौरस इंचाला ३२ पौंड. खाली १२ × १२ इंचाचा पॅड ठेवला की तोच दाब ६ पौंडांवर येतो. मोटरहोमच्या एका जॅकवर ५००० पौंड आणि पाय १० इंच व्यासाचा असेल, तर दाब ६४ पौंड. १६ × १६ च्या पॅडवर तो २० च्या आसपास उतरतो.

म्हणून कोपऱ्यातल्या स्टॅबिलायझरला ८ × ८ चा पॅड चालतो, टंग जॅकला १२ × १२ घ्या आणि हायड्रॉलिक जॅकला १६ × १६ पेक्षा लहान घेऊ नका. वाळूवर किंवा चिखलावर नेहमी थांबत असाल तर एक माप वर जा.

पण हा हिशेब पॅड ताठ असेल तरच खरा. पातळ पॅड मध्ये खोलगट होतो, कडा वर येतात आणि सगळं वजन पुन्हा मधल्या वर्तुळावरच. तुमचा जुना पॅड सपाट फरशीवर ठेवून पाहा. मध्ये टेकतो आणि कडा उचललेल्या दिसतात, तर तो त्या वजनाला अपुरा आहे.

साहित्याचं म्हणाल तर जाड रबर सरकत नाही आणि आवाज करत नाही, पण जड असतं आणि पातळ असेल तर सहज वाकतं. एचडीपीई प्लास्टिक हलकं, पाणी न पिणारं. ओल्या गुळगुळीत काँक्रीटवर मात्र घसरू शकतं. स्वस्तात उत्तम हवं असेल तर घरी करा: पाऊण इंची बाहेरच्या वापराच्या प्लायवूडचे दोन तुकडे, वरच्या थराचे रेषे खालच्याला आडवे ठेवून, जलरोधक गोंद आणि स्क्रूने जोडा. कडांना रंगाचे दोन हात द्या, कारण पाणी तिथूनच शिरतं. एका कोपऱ्यात भोक पाडून दोरी ओवा. रंग भडक असावा, काळा पॅड निघताना गवतात राहून जातो.

डांबरावर पॅड लागत नाही हा गैरसमज आहे. ॲरिझोना-टेक्ससच्या उन्हाळ्यात डांबर मऊ होतं आणि जॅकचा पाय त्यात गोल खड्डा पाडतो. त्याची भरपाई कॅम्पग्राउंड तुमच्याकडे मागू शकतं.

ब्लॉक

लाकूड घेताना नाव आणि माप वेगळं असतं हे ध्यानात ठेवा. दुकानातली २ × १० ची फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच रुंद असते. ४ × ४ म्हणजे साडेतीन इंच. टायरची पूर्ण रुंदी फळीवर बसली पाहिजे. मागे जोडचाकं असतील तर दोन्ही चाकांखाली आधार हवा, नाहीतर सगळं ओझं एकाच टायरवर येतं. दोन ॲक्सल असतील तर त्या बाजूची दोन्ही चाकं सारखीच उचला.

गाठीचं किंवा चिरलेलं लाकूड नको. थर रचताना प्रत्येक थर आधीच्याला आडवा ठेवा, आणि रास तळाच्या रुंदीपेक्षा उंच जाऊ देऊ नका. पोकळ सिमेंटचे ब्लॉक आणि विटा तर अजिबात नकोत. ते आधी इशारा देत नाहीत, एकदम फुटतात.

उभी करण्याचा क्रम

१. ट्रेलर अजून गाडीला जोडलेलाच असताना आडवी पातळी साधा. ४८ इंची स्पिरिट लेव्हल, म्हणजे गवंड्याची पाणसळ, जमिनीवर आडवी ठेवा आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत खालचं टोक उचला. फट पाऊण इंच आणि दोन्ही बाजूंच्या चाकांतलं अंतर ८० इंच असेल, तर पाऊण गुणिले ८० भागिले ४८, म्हणजे सव्वा इंच उंची हवी. दीड इंची एक फळी पुरते. ती खालच्या बाजूच्या चाकांपुढे ठेवून हळूच वर चढा.

२. दोन्ही बाजूंच्या चाकांना, पुढून आणि मागून, चॉक घट्ट लावा. हे झाल्याशिवाय हिच (ट्रेलर आणि गाडीमधला जोड) सोडायचा नाही. दोन टायरांच्या मध्ये बसणारे एक्स-चॉक हालचाल छान कमी करतात, पण ते साध्या चॉकची जागा घेत नाहीत.

३. टंग जॅकखाली पॅड, गरज असल्यास त्यावर लाकूड. जॅकचा पाय पॅडच्या बरोबर मध्यावर उतरवा, हिच सोडा आणि पुढची-मागची पातळी जुळवा. जुन्या पद्धतीचा, गॅसवरही चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज असेल तर इथे आळस नको. त्यातला अमोनिया गुरुत्वाकर्षणाने वाहतो, आणि तिरक्या गाडीत तो सतत चालवला तर कूलिंग युनिट खराब होतं.

४. शेवटी कोपरे. स्टॅबिलायझर जितका लांब उघडतो तितका डुलतो, म्हणून खाली ब्लॉक ठेवून अंतर कमी करा. पण कात्री जॅक जवळजवळ मिटलेलाही नसावा, त्या कोनात त्याच्यात जोर नसतो. पाय टेकला की अर्धा फेरा आणखी, बस. ड्रिलने फिरवणारे इथे हमखास चुकतात. दार घासायला लागलं तर कुठला तरी कोपरा जास्त ताणलाय.

५. काही तासांनी, आणि पाऊस पडून गेल्यावर, पुन्हा हात लावून पाहा. माती बसते आणि जॅक सैल पडतो.

मोटरहोमवाल्यांसाठी एक इशारा: बऱ्याच गाड्यांत पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकांवर लागतो. जॅकने मागची चाकं हवेत उचलली तर ब्रेक कशालाच धरत नाही, आणि उतारावर गाडी जॅकवरून सरकू शकते. अशा जागी मागच्या चाकांखालीही ब्लॉक द्या, किंवा जागा बदला. नुसत्या जॅकवर किंवा ब्लॉकवर तोललेल्या गाडीखाली शिरू नका.

निघताना क्रम उलटा: आधी कोपऱ्यातले जॅक पूर्ण वर, मग हिच जोडायचा, आणि चॉक सगळ्यात शेवटी. पॅड थंडीत जमिनीला गोठून चिकटला असेल तर हातोडा मारू नका, गोठलेलं प्लास्टिक ठिसूळ असतं. कडेने कोमट पाणी ओता, आणि मग दोरीने ओढा.