अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार, ते आधी विचारा

लग्नाच्या कँडिड फोटोग्राफीत येऊ पाहणारी मुलं पहिल्यांदा लेन्सचं विचारतात. मी त्यांना विचारते, सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत काय काय होतं ते क्रमाने सांगाल? बहुतेकांची गाडी कन्यादानाशी अडते. नात्यातल्या लग्नांना हजेरी लावलेली असते, पण लक्ष पंगत कधी बसते याकडे. पोज न देता मिळालेला फोटो नशिबाचा असतो, असा एक समज आहे. मला तरी तो, पुढे काय होणार आणि तेव्हा कोण कुणाकडे बघणार, हे आधी माहीत असल्यामुळेच मिळत आला आहे.

मंगलाष्टकांचंच घ्या. मध्ये अंतरपाट, त्यामुळे नवरा-नवरी एकमेकांना दिसत नाहीत आणि पाहुण्यांचे डोळे गाणाऱ्यांकडे. दिवसभरात त्या दोघांचे चेहरे इतके मोकळे पुन्हा सापडत नाहीत. एखादी आत्या चष्मा चढवून स्वतः रचलेलं मंगलाष्टक कागदावरून म्हणायला लागते, वृत्त ओढूनताणून बसवलेलं असतं, मागे करवल्या ओठ चावून हसू दाबतात, मामा गंभीर. हे सगळं हलक्या पावलांनी टिपून घ्या. ‘तदेव लग्नं’ कानावर आलं की मात्र जागेवर या आणि हलू नका. अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार ते गुरुजींना सकाळीच विचारून ठेवायचं. नाहीतर ऐन क्षणी तो धरणाऱ्याची पाठ तुमच्या फ्रेममध्ये. शिवाय अक्षता उडायला लागल्या की ऑटोफोकस तांदळाच्या दाण्यांमागे धावतो, म्हणून फोकस आधी चेहऱ्यावर लॉक करा.

पण हार घालतानाचा फोटो सगळेच काढतात, स्टेजवर चढलेले शंभर मोबाइलसुद्धा. मी एक-दोन फ्रेम घेते आणि मागे वळते. काही घरांत मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई मांडवात नसतेच, ती तुळशीला पाणी घालत असते. कार्यालयात हल्ली तुळशीची कुंडी कुठेतरी जिन्याजवळ ठेवलेली असते. बाहेर बँड, आत शंभर माणसं, आणि ही बाई तिथे एकटी. त्या घरात ही रीत आहे का, हे आधी विचारलं असेल तरच तिथे दुसरा फोटोग्राफर उभा करता येतो.

तसंच कानपिळीचं. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळणार हे ठरलेलंच असतं. खरी गंमत, आता भाऊजींकडून काय उकळायचं, याचं मागे बसलेल्या बहिणींमध्ये चाललेलं खलबत. (बूट पळवण्याचा खेळ आता आपल्याकडेही घुसलाय. माझ्या मते त्यात सगळे कॅमेऱ्यासाठीच ओरडतात.)

प्रत्येक लग्नात अंतरपाट असेलच असं नाही. बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिसरण-पंचशील आणि प्रतिज्ञा असतात, सत्यशोधक लग्नाचा क्रम आणखी वेगळा. लग्नाआधी घरच्या एखाद्या माहीतगार काकूंशी तासभर बोला. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुठली आजी फार चालू शकत नाही, कुणाचे वडील नुकतेच गेलेत, हेही त्यातच कळतं.

आता यंत्राचं थोडक्यात. जवळून रुंद दृश्य घ्यायला ३५ मिमी आणि लांबून चेहरा टिपायला ८५ मिमी, एवढ्या दोन लेन्सवर भागतं. कॅमेरा प्रत्येक फोटो दोन कार्डांवर साठवणारा हवा; एक कार्ड बिघडलं तर मुहूर्त पुन्हा येत नाही. कार्यालयातले स्वस्त एलईडी दिवे आणि स्टेजमागची एलईडी भिंत हा खरा शत्रू. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर सेकंदाच्या १/२५० भागापुरतंच उघडलं, तर फोटोत काळे पट्टे उमटू शकतात. १/१०० वर बहुधा जातात. आवाज येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावाल तर ते आणखी ठळक होतात. नवरी तयार होते त्या खोलीत खिडकी असेल तर ट्यूब बंद करायची विनंती करा. तेवढी ढवळाढवळ मी माफ समजते.

पारंपरिक फोटोग्राफरला आणि व्हिडिओवाल्याला कमी लेखू नका. स्टेज त्यांचं असतं. सकाळी चहा एकत्र घ्या, लाइट कुठे लावणार ते विचारा, दिवस सुखाचा जातो. आणि ग्रुप फोटोंना नाकं मुरडू नका. आजोबांसोबत सरळ उभं राहून काढलेला फोटोच पुढे त्या घराच्या भिंतीवर लागतो.

नजर तयार करायला लग्नांचे अल्बम बघू नका, वृत्तछायाचित्रं बघा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावालांचा एक फोटो आहे: विमानतळावर नेहरू बहिणीला, विजयालक्ष्मी पंडितांना, मिठी मारतायत. पंतप्रधान आणि राजदूत, पण फोटोत भाऊ-बहीणच दिसतात. पाठवणीच्या वेळी मला तेच हवं असतं. मात्र रडणाऱ्या बापाच्या तोंडासमोर वाइड लेन्स धरायची नाही. ८५ लावून लांब उभं राहायचं, दोन फ्रेम, मग कॅमेरा खाली. कुणाची भांडणं, जेवताना उघडी तोंडं, साडी बदलतानाचं काही कॅमेऱ्यात आलंच, तर निवड करतानाच ते उडवायचं, घरच्यांपर्यंत जाऊच द्यायचं नाही.

पैशांचं गणित हंगामावर चालतं. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू, चातुर्मासात जवळजवळ शुकशुकाट. ते महिने अल्बम संपवायला आणि साठवलेल्या पैशांवर काढायला लागतात, तेव्हा नोकरी लगेच सोडू नका. पहिला हंगाम कुणाचा तरी दुसरा फोटोग्राफर म्हणून करा, पैसे कमी मिळाले तरी. स्वतःचं काम घ्याल तेव्हा आगाऊ रक्कम, फोटो किती आणि कधी देणार, हे लिहून घ्या. फोटो इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगीही नवरा-नवरी दोघांकडून, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी हवी. माहेरचे हो म्हणतात आणि आठ दिवसांनी सासरहून फोन येतो, हे या धंद्यात नेहमीचंच आहे.