स्टेंट बसवून घरी आलात? मग या चुका टाळा

फोंड्यात माझी फार्मसी आहे. ॲंजिओप्लास्टी करून, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडून स्टेंट बसवून आलेला माणूस काउंटरवर कागद ठेवतो आणि विचारतो, "बाब, ह्या गोळ्या किती दिवस?" किती वर्षं, असं कोणी विचारत नाही. सगळी गडबड इथूनच सुरू होते. नळी एका जागी मोकळी झालेली असते, आजार बाकीच्या रक्तवाहिन्यांत तसाच असतो. पुढची वर्षं कशी जाणार, हे हृदयाच्या स्नायूत किती जोर उरलाय (इकोच्या कागदावरचा 'ईएफ' बघा), मधुमेह किती ताब्यात आहे, विडी सुटली की नाही आणि गोळ्या नेमाने जातात का, यावर बरंचसं ठरतं. स्टेंट किती महागाचा होता, हे सांगत बसू नका.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर थांबवणं. सत्तरीतला एक काजूबागायतदार, स्टेंटला जेमतेम चार महिने. दाढ काढायची होती. रक्त थांबणार नाही, असं शेजाऱ्याने सांगितलं म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही बंद! दाढ निघाली, गडी खूश, गोळ्या परत सुरू करायचं राहून गेलं. मग एका पहाटे छातीत कळ आली. स्टेंटच्या आतच गुठळी झाली होती. वाचला, पण आता बागेतली चढण एका दमात होत नाही.

स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर शरीराचं आतलं अस्तर चढेपर्यंत तिथे रक्त गोठायचा धोका जास्त. म्हणून हार्ट अटॅकनंतर दोन गोळ्या साधारण वर्षभर आणि पुढे त्यातली एक बहुधा जन्मभर असते. रक्तस्रावाची भीती असेल तर मुदत कमी होते, पण ती डॉक्टर कमी करतात, शेजारी नव्हे. साधी दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढता येते. दाताच्या डॉक्टरला आधी सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरला विचारा. मी अशा गिऱ्हाइकाच्या पाकिटावर लाल पेनाने स्टेंटची तारीख घालतो. काहींना राग येतो. येऊ दे.

"कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता स्टॅटिन कशाला?" अहो काका, गोळीमुळेच तर आलं! शिवाय लॅबच्या कागदावरचं नॉर्मल निरोग्यांसाठी असतं. तुमचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली हवं, बरेच डॉक्टर तर ५५ च्या खाली मागतात. मांड्या दुखत असतील तर तसं सांगा, डोस किंवा गोळी बदलून मिळते. लसूण, आलं, लिंबाच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळतो म्हणणारे मेसेज मला पाठवू नका.

उलट टोकाची घाईही असते. चालताना ठरावीक अंतरावर छाती भरते, दुखणं स्थिर आहे, तरी काहींना उद्याच्या उद्या स्टेंट हवा. २०२० साली छापून आलेल्या 'इस्केमिया' अभ्यासात अशा स्थिर रुग्णांचे मृत्यू लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने कमी झाले नाहीत. छातीचा त्रास मात्र कमी झाला. मुख्य डाव्या नळीतल्या मोठ्या ब्लॉकेजची गोष्ट वेगळी.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका. ईएफ कमी असेल तर पुरुमेंतातलं (पावसाळ्याच्या साठवणीतलं) खारं नुस्तं, म्हणजे खारी मासळी, बरणीतच राहू द्या. "दिवसाला दोनच सिगारेट" हा हिशेब मला सांगू नका.

जिभेखालची गोळी दिलेली असेल तर ती कुठे आहे, हे घरच्यांनाही ठाऊक हवं. छातीत दुखलं की बसा, गोळी ठेवा. पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८. लैंगिक ताकदीची (व्हायग्रासारखी) गोळी घेतली असेल तर ही जिभेखालची ठेवू नका, रक्तदाब एकदम कोसळतो; आणि तसं घेतल्याचं डॉक्टरला न लाजता सांगा. स्कूटरवर मागे बसून थेट बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) गाठायचा हट्टही नको. 'स्टेमी गोवा' या हार्ट अटॅकसाठीच्या सरकारी योजनेत गावाजवळच्या सरकारी इस्पितळांतही ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, आणि तिथून गोमेकॉत पाठवतात.