खेळताना डोक्याला मार लागला तर काय करायचं

ठाण्याचं सेंट्रल मैदान असो की नेरूळचा टर्फ, पोरगं डोक्यावर आपटलं की तोंडावर पाणी मारतात, "काय नाय रे, ऊठ" म्हणतात आणि परत खेळायला लावतात. प्लीज हे बंद करा. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, त्यासाठी रक्त यावं लागत नाही आणि बहुतेक वेळा माणूस बेशुद्धही पडत नाही.

१. शंका आली की बाहेर. त्या दिवशी परत खेळायचं नाही, तो कितीही "मी ओके आहे" म्हणाला तरी, कारण त्या क्षणी त्याचं त्यालाच नीट कळत नसतं. विचारा, आपण कुठल्या मैदानावर आहोत, शेवटचा गोल कोणी मारला, मागची मॅच कोणाशी होती. उत्तरं बरोबर आली तरी चेहरा बघा, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय का, उभं राहताना झोक जातोय का. त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो, म्हणून त्याला एकट्याला लोकलने घरी पाठवू नका.

२. १०८ कधी? सारख्या उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, हातपाय लुळे पडणं, एकाचे दोन दिसणं, शुद्ध जाणं, गुंगी वाढणं. मान दुखत असेल तर हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका. यातलं काही नसलं तरी डॉक्टरला दाखवायचंच. आणि सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नाही, स्कॅनमध्ये रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं, कन्कशन दिसत नाही.

३. घरी पहिले एक-दोन दिवस आराम, पण अंधाऱ्या खोलीत कोंडून नको, घरातल्या घरात फिरू दे. मोबाईल कमी, बाईक बंद. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल, पण अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका. डॉक्टरने तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्या, रात्रभर जागं ठेवायची गरज नाही.

४. परत खेळायची घाई, इथेच सगळे चुकतात. आधी तलावपाळीला साधं चालणं, मग हलकं जॉगिंग, मग धक्का न लागणारी प्रॅक्टिस, त्रास पूर्ण गेला आणि डॉक्टर हो म्हणाले की फुल प्रॅक्टिस, शेवटी मॅच. प्रत्येक पायरीला निदान २४ तास, डोकं जास्त दुखायला लागलं की थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली. मुलांना महिनाभरही लागू शकतो, आणि शाळा-कॉलेज आधी सुरळीत होऊ दे, खेळ नंतर. पहिला हादरा बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर क्वचित जिवावरही बेततं.

५. आधीची काळजी. सीझन बॉलला मापाचं हेल्मेट, जोरात बॉल लागला की ते बदला. गोविंदांनीही सरावापासूनच घालावं, थेट दहीहंडीच्या दिवशी नाही. पण हेल्मेटने कवटी वाचते, आतला हादरा पूर्ण थांबत नाही.

आयोजकांनो, "टीमला माणूस कमी पडतो" म्हणून पोरं दुखणं लपवतात. आयसीसीने २०१९ मध्ये कन्कशन सबस्टिट्यूट आणला, २०२० ला कॅनबेरात जडेजाच्या हेल्मेटला बॉल लागल्यावर चहल उतरला आणि ३ विकेट काढून सामनावीर झाला. तसाच बदली खेळाडू आपल्या गल्ली टुर्नामेंटलाही ठेवा, टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टनना सांगा, एक पैसा खर्च येत नाही.