कान वाजत असतील तर रात्र कशी लावायची: कूलर, लाइन, जागल आणि झोप

कानात सतत किर्र, शिट्टी किंवा घरघर ऐकू येणाऱ्याला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. रात्री आवाज वाढतो, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तो जास्त छळतो. दोन्ही खरं आहे. पण कारणं वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे करावे लागतात.

बहुतेकांचा हा आवाज ऐकण्याची शक्ती थोडी कमी झाल्यावर सुरू होतो. वय, थ्रेशर, विनासायलेन्सर ट्रॅक्टर, लग्नातला डीजे, कारण काहीही असो, कानाकडून मेंदूला येणारे संकेत कमी पडतात. ती कमतरता भरून काढायला मेंदू स्वतःची संवेदना वाढवतो आणि बाहेर नसलेला आवाज ऐकू येऊ लागतो. दिवसा माणसांचं बोलणं, गुरं, गाड्या यांत तो झाकला जातो. गाव निजलं की तोच आवाज उघडा पडतो. म्हणजे रात्री तुमचा आजार वाढत नाही, भोवतालचा आवाज कमी होतो.

झोपेचं गणित याहून खोल आहे. झोप अपुरी राहिली की शरीर सावध अवस्थेत राहतं आणि लक्ष दुसरीकडे वळवायची ताकद घटते, त्यामुळे तोच आवाज मोठा आणि जास्त त्रासदायक वाटतो. त्या त्रासाने पुढची रात्र बिघडते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये असा विचार मांडला की गाढ झोपेत मेंदूत उठणाऱ्या संथ लहरी या आवाजामागची मेंदूची हालचाल दाबून टाकत असाव्यात. गाढ झोप मुख्यतः झोपेच्या पहिल्या ३ तासांत होते. म्हणून कसंही करून ते पहिले ३ तास सलग मिळवायचे.

आधी २ आठवडे वही

रोज सकाळी उठल्यावर साधारण १५ मिनिटांनी, एकाच खोलीत, पंखा-कूलर बंद करून दोन आकडे लिहा: आवाज किती मोठा (० ते १०) आणि त्याचा त्रास किती (० ते १०). हे आकडे वेगळेच ठेवा, कारण झोप सुधारली की आधी त्रास उतरतो, आवाजाचा आकडा मागाहून हलतो किंवा तिथेच राहतो. शेजारी लिहा: किती वाजता निजलात, कितीदा जाग आली, दुपारी झोपलात का, शेवटचा चहा आणि शेवटचा खर्रा कधी, काल मोठ्या आवाजाचं काम होतं का. नोंद दिवसातून एकदाच करा. दर तासाला कान तपासत बसलं तर मेंदू त्या आवाजाला महत्त्वाचा मानू लागतो आणि तो आणखी पुढे येतो.

खोलीतला आवाज

कान वाजणाऱ्यासाठी पूर्ण शांत खोली वाईट. हलका, एकसुरी, अर्थ नसलेला आवाज रात्रभर हवा. पंखा, कूलर किंवा पावसाच्या आवाजाची फाईल चालेल. गाणी, कीर्तन, बातम्या नकोत, शब्द आले की मन त्यांच्या मागे लागतं.

आवाज किती ठेवायचा इथे बहुतेक लोक चुकतात. कानातला आवाज पार बुडेल इतका मोठा लावला तर मेंदूला त्याची सवय व्हायला वावच राहत नाही. बाहेरचा आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळू लागले की थांबा. कानातला आवाज अजून थोडा ऐकू आला पाहिजे.

मोबाईलवर फाईल आधीच डाउनलोड करून ठेवा, रात्री रेंज जाते आणि मधेच जाहिरात वाजली की झोप उडते. फोन विमान मोडवर, पडदा खाली, डोक्यापासून ३ फूट दूर. इयरफोन घालून झोपू नका. घरातल्या इतरांना त्रास होत असेल तर उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर मिळतो. काटा फिरवायचा जुना ट्रान्झिस्टर असेल तर दोन स्टेशनांच्या मधली खरखर उत्तम काम देते. डिजिटल रेडिओ मात्र तिथे बहुधा आवाजच बंद करतात. रातकिड्यांची फाईल लावू नका. पुष्कळांच्या कानातला आवाज त्याच पट्टीचा असतो, मग माणूस अंथरुणात पडून दोन्हींची तुलना करत बसतो.

आता लाइनचं. मे महिन्यात कूलर धडधडत असतो, कान विसरलेला असतो, आणि रात्री २ वाजता लाइट जाते. एका क्षणात खोली सुन्न होते आणि कानातला आवाज अंगावर येतो. जाग उकाड्याने आली तरी पुन्हा झोप न लागण्याचं कारण बरेचदा ही अचानक पडलेली शांतता असते. म्हणून कूलर असला तरी बॅटरीवरचा दुसरा आवाज संध्याकाळपासूनच लावून ठेवा. चार्ज केलेला फोन आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक रात्रभर सहज पुरते. टायमर लावू नका, २ तासांनी तीच शांतता तुम्ही स्वतःच आणाल.

पावसाळा लागून कूलर बंद होतो तेव्हाही असंच होतं. जूनच्या शेवटी 'एकदम वाढलं' म्हणून घाबरून दवाखान्यात जाणाऱ्यांनी आधी हे आठवावं. कूलर एका दिवसात बंद न करता ८–१० दिवस पाण्याशिवाय, कमी वेगावर फक्त त्याचा पंखा चालवा किंवा टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून ठेवा.

झोपेची शिस्त

निजायची वेळ मागेपुढे झाली तरी उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्र वाईट गेली तरीही. अंथरुणात साधारण २० मिनिटं झोप आली नाही तर उठून ओसरीत बसा, मंद उजेडात शेंगा सोलणं, लसूण निवडणं असलं कंटाळवाणं काम करा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ बघू नका. पडून कुढत राहिलं की अंथरूण म्हणजे कानातला आवाज, अशी सांगड मनात बसते, आणि ती मोडायला फार वेळ लागतो.

उशी फार उंच नको. मान वाकडी राहिली किंवा झोपेत दात खाल्ले जात असतील तर मान आणि जबड्याच्या नसांमधून कानाच्या आवाजावर थेट परिणाम होतो. सकाळी जबडा दुखतो आणि आवाजही वाढलेला असतो, असं असेल तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

चहा दुपारी ३ नंतर नको. खर्ऱ्याचं जास्त कठीण आहे, कारण त्यात तंबाखू आणि सुपारी दोन्ही आहेत आणि दोन्ही उत्तेजक. एकदम सुटत नसेल तर किमान रात्रीच्या जेवणानंतरचा पहिल्यांदा बंद करा. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटत राहते आणि सकाळचा आकडा चढतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणू नका, त्यांची सवय लागते आणि बंद केल्यावर आवाज उसळू शकतो.

दुपारची झोप काहींना सोसत नाही, उठल्यावर आवाज थेट वाढलेला असतो. वहीत तसं दिसलं तर एक आठवडा बंद करून पाहा. सोसत असेल तरी २०–२५ मिनिटं, ३ च्या आत. मोठं घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, हे असेल तर झोपेतला श्वासाचा विकार तपासून घ्या. तो सुधारल्याशिवाय बाकीचं फार उपयोगी पडत नाही.

रात्रीच्या ओलिताचा आणि जागलीचा आठवडा

हरभऱ्याला रात्रीच्या लाइनवर पाणी द्यायचं, नाहीतर रानडुकरं आणि रोही (नीलगायी) हाकलायला वावरात जागायचं. इथे 'रात्री ८ तास झोपा' हा सल्ला बिनकामाचा आहे. झोपेचे २ तुकडे करा. वावरात निघण्याआधी संध्याकाळी दीड तास, आणि परत आल्यावर लगेच ४–५ तासांचा मुख्य तुकडा. तो पूर्ण आठवडा त्याच वेळेला ठेवा, अधूनमधून एखादी रात्र घरी मिळाली तरीही. परतताना चहा नको, उठल्यावर घ्या. खोली अंधारी करा. दिवसा गावाचा गलका असतो म्हणून कानात बोळे घालावेसे वाटतात, पण बोळे घातले की आतला आवाज वाढल्यासारखा वाटतो. त्याऐवजी तीच पावसाची फाईल जरा मोठी लावा. शक्य असेल तिथे तुषार संचाचे पाइप बदलणं घरातल्या दोघांत वाटून घ्या, म्हणजे प्रत्येकाला सलग ३ तास तरी मिळतील. डुकरं हाकलायला फटाके वाजवत असाल तर कान झाका.

उलट थ्रेशरवर काम करताना बोळे हवेतच, आणि कापसाचे नव्हे, फोमचे. बारीक वळून, कान वर-मागे ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. सोयाबीनच्या मळणीनंतरच्या रात्री आवाज वाढलेला असतो, तो बहुधा १–२ दिवसांत उतरतो. दरवेळी तसं होऊ दिलं तर पुढे उतरत नाही.

डॉक्टरांकडे कधी

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी निघा. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर फायद्याची शक्यता जास्त, २ आठवड्यांनंतर ती फार घटते. आवाज फक्त एकाच कानात असणं, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजणं, सोबत चक्कर, तोंड वाकडं होणं, कान वाहणं, यांतलं काहीही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात (मेडिकलमध्ये) किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात सोय आहे. कानात गरम तेल, लसणाचं तेल टाकू नका, पडद्याला छिद्र असेल तर ते आत जाऊन इजा करतं. जेंटामायसिन, अमिकासिन, क्विनीन किंवा मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन चालू असताना कान वाजू लागले तर औषध स्वतः बंद न करता लिहून देणाऱ्याला लगेच सांगा. आवाजामुळे जगणं नको वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर केव्हाही मराठीत बोलता येतं.

जाताना वही न्या आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून मागा. ऐकणं कमी निघालं तर श्रवणयंत्राने बऱ्याच जणांचा दिवसाचा त्रास उतरतो. ते रात्री काढून ठेवायचं असतं, म्हणून यंत्र मिळालं तरी खोलीतला आवाज चालूच ठेवा.