पिवळ्या बॉलची घाई नको: मुलांसाठी टेनिसची बॅच निवडताना या चुका टाळा

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की इंदूरच्या टेनिस कोर्टांवर नव्या मुलांची गर्दी होते, आणि पहिल्याच आठवड्यात पालकांचा प्रश्न येतो: "सर, हा पिवळ्या बॉलवर कधी जाणार?" पिवळा म्हणजे मोठ्यांचा नेहमीचा बॉल; त्याआधी मुलं रेड, ऑरेंज, ग्रीन अशा क्रमाने मंद बॉलवर शिकतात, आणि बॅचही त्याच रंगांच्या. पोराला अजून ग्रिप, म्हणजे रॅकेटची पकडही नीट धरता येत नसते. ज्या बॉलवर मूल सर्व्हिस आत टाकतं, समोरच्याचा बॉल परत करतं आणि स्वतः गुण मोजत खेळतं, ती त्याची बॅच. वय, उंची आणि भरलेली फी यांचा विचार त्यानंतर.

आधी रंगांचा हिशेब. रेड बॉल पिवळ्यापेक्षा सुमारे 75 टक्के मंद असतो, ऑरेंज 50 टक्के, ग्रीन 25 टक्के. रेडचं कोर्ट साधारण 11 ते 12.8 मीटर लांब आणि नेट 80 सेंटिमीटरच्या आसपास. डबल्स कोर्टाची रुंदी 10.97 मीटर असते, म्हणून रेडची छोटी कोर्टं मोठ्या कोर्टावर आडवी आखतात. ऑरेंजचं कोर्ट सुमारे 18 मीटर लांब. ग्रीनला पूर्ण 23.77 मीटर. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांनुसार 2012 पासून 10 वर्षं आणि त्याखालच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा बॉल चालत नाही. तरीही सात-आठ वर्षांच्या मुलाला पिवळ्यावर उभं केलेलं सर्रास दिसतं.

उंची बघून बॅच ठरवणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. 254 सेंटिमीटरवरून टणक जमिनीवर सोडला तर पिवळा बॉल 135 ते 147 सेंटिमीटर उसळतो. ग्रीन 120 ते 135, ऑरेंज 105 ते 120, रेड 90 ते 105. नऊ वर्षांच्या मुलाची उंची साधारण 130 सेंटिमीटर धरा. त्याचा खांदा शंभर-एकशे पाचच्या आसपास येतो. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेघेवरून, उंच आलेला पिवळा बॉल त्याच्या डोक्याशी येणार. मे महिन्यात तापलेल्या कोर्टावर तर बॉल आणखी उसळतो.

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाचं उदाहरण घ्या. अंगाने उंच, ऑरेंजच्या बॅचमध्ये चार महिने झालेले, फोरहँड छान बसत आलेला. शेजारचा मुलगा ग्रीनमध्ये गेला, म्हणून घरच्यांनी कोचना गळ घातली: "याची उंची बघा ना सर, बाकीची पोरं याच्यापुढे लहान दिसतात." कोचनी नाइलाजाने हलवलं. ग्रीनमध्ये तो बरा टिकला, तर दीड महिन्यात पिवळ्याच्या बॅचमध्ये जागा रिकामी झाली आणि तिथेही पाठवलं. आता प्रत्येक बॉल खांद्याच्या वर यायला लागला. तो मारता यावा म्हणून पोराने आपसूक हात रॅकेटच्या खाली सरकवला. ग्रिप इतकी फिरली की कमरेएवढ्या उंचीचा बॉल नेटमध्ये जायला लागला. मग तो बेसलाइनच्या दोन-अडीच मीटर मागे उभा राहू लागला आणि बॉल आकाशात फेकून परत करू लागला. बॅकहँडला दोन हात पुरेनात, म्हणून एका हाताने नुसता कापायचा. तीन महिन्यांत मनगट दुखतं म्हणून सुट्टी.

दुखणं लवकर बरं झालं. ग्रिप जागेवर यायला मात्र ऑरेंज बॉलवर परत अडीच महिने लागले, कारण हाताला लागलेली सवय सोडवणं नव्याने शिकवण्यापेक्षा अवघड असतं. घाई केली नसती तर तेवढ्या वेळात तो ग्रीनवर नीट स्थिरावला असता.

म्हणून बॅच बघायला जाल तेव्हा एकच गोष्ट निरखा: मूल बॉल कुठल्या उंचीवर मारतं. कंबर ते छाती यांच्यामध्ये मारत असेल तर बॉल योग्य आहे. दहापैकी चार-पाच बॉल खांद्यावर घेत असेल तर एक रंग खाली या. पोर कितीही उंच असो.

बास्केटवरचे फटके बघून खूश होणं

कोच बास्केटमधून बॉल देतात तेव्हा तो त्याच जागी, त्याच वेगाने, कमरेएवढ्या उंचीवर येतो. तिथे महिनाभरात कुठलंही मूल झकास दिसतं. आई-बाबा मोबाइलवर व्हिडिओ काढतात, घरच्या ग्रुपवर टाकतात, आणि पुढच्या बॅचची मागणी सुरू होते. पण टेनिस म्हणजे समोरून कसाही आलेला बॉल. तो कुठे पडणार हे ओळखायचं, तिथवर जायचं आणि वेळेत रॅकेट मागे न्यायची. यातलं काहीच बास्केटवर तपासलं जात नाही.

तपासायचं असेल तर कोचना कोर्टाबाहेर थांबायला सांगा. त्याच बॅचमधली दोन मुलं, एक बॉल, दहा मिनिटं. आमचा ठोकताळा असा: ऑरेंजवरून ग्रीनला जायचं तर क्रॉसकोर्ट रॅलीत, म्हणजे तिरक्या देवाणघेवाणीत, दहा फटके सलग जायला हवेत, आणि तेही एकदा जमलं म्हणून नाही, पाच प्रयत्नांत तीनदा. दहा दुसऱ्या सर्व्हिसपैकी (पहिली चुकल्यावर मिळणाऱ्या) सहा आत, खांद्यावरून मारलेल्या, ढकललेल्या नाहीत. सात गुणांचा टायब्रेक, म्हणजे छोटा निर्णायक डाव, कोणी न सांगता स्वतः मोजून पूर्ण करता यावा. रेडवरून ऑरेंजला जाताना सहा फटक्यांची रॅली आणि वरून केलेली सर्व्हिस पुरे. शेवटचा, गुण मोजण्याचा भाग बहुतेक पालकांना किरकोळ वाटतो. ज्या मुलाला 30-40 कोणाचा ते कळत नाही, त्याला सर्व्हिस कुठल्या बाजूने करायची तेही कळत नाही, आणि वरच्या बॅचमध्ये ते समजावत बसायला कोणाला वेळ नसतो.

ही चाचणी सरावाच्या शेवटी घेऊ नका. दमलेलं मूल एक रंग खालचं वाटतं.

जुना पिवळा बॉल म्हणजे ग्रीन, हा गैरसमज

हा शॉर्टकट फार पसरला आहे. ग्रीन बॉल वेगळे विकत आणायला नकोत म्हणून हवा गेलेले पिवळे बॉल वापरतात. उसळी कमी झाली, म्हणजे झालं, असा हिशेब. पण पिवळ्याचं वजन 56 ते 59.4 ग्रॅम, ग्रीनचं 47 ते 51.5, ऑरेंजचं 36 ते 46.9. हवा गेली तरी वजन तेवढंच राहतं. शिवाय मेलेला बॉल रॅकेटवरून सुटत नाही, म्हणून मूल हात झटकून जोर लावतं. कोपर आणि मनगट यातूनच दुखतात. फी भरण्याआधी बास्केटमध्ये डोकवा. ग्रीन बॉलवर हिरवा ठिपका असतो, ऑरेंजवर केशरी. ठिपकाच नसलेले बॉल भरलेले दिसले तर ती बॅच नावालाच ग्रीन आहे.

ऑरेंजचं कोर्ट आखलं आहे का, तेही बघा. त्याची बेसलाइन मोठ्या कोर्टाच्या सर्व्हिस लाइनच्या (नेट आणि बेसलाइन यांच्यामधल्या रेघेच्या) साधारण 2.6 मीटर मागे येते, आणि तिथे टेप किंवा खडूची रेघ दिसली पाहिजे. रेघ नसेल तर मुलं ऑरेंज बॉलने मोठ्या कोर्टावर खेळताहेत, आणि त्यांचा अर्धा वेळ नेटपर्यंत बॉल पोचवण्यात जातो.

रॅकेट वाढत्या अंगाची घेणं

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, रॅकेटचं तसं चालत नाही. उंची 115 ते 125 सेंटिमीटर असेल तर 23 इंची, 127 ते 140 असेल तर 25 इंची, त्याच्या पुढे 26. मुलाला सरळ उभं करा, रॅकेट हातात देऊन हात खाली सोडायला सांगा. टोक जमिनीला नुसतं टेकलं पाहिजे. कोपर वाकवावं लागलं तर रॅकेट लांब आहे. मोठ्या दादाची 27 इंची रॅकेट आठ वर्षांच्या हातात दिली की ग्रीन बॅचमधलं मूलही रेडसारखं खेळतं, आणि दोष बॅचला दिला जातो.

आता थोडक्यात बाकीचं.

मैत्रिणीबरोबर राहायचं म्हणून तिच्या बॅचला घालू नका. एक महिना बरं वाटतं, मग एकीला कंटाळा येतो आणि दुसरी रडते.

उन्हाळी शिबिरात एका कोर्टावर वीस-पंचवीस मुलं असतात. तिथली "लेव्हल" पुढच्या बॅचसाठी धरू नका. रोजच्या बॅचमध्ये एका कोचमागे रेडला आठ आणि ऑरेंजला सहा मुलं, यापेक्षा जास्त नकोत.

12 वर्षांखालच्या गटाची स्पर्धा समोर दिसते म्हणून दहाव्या वर्षी सगळे रंग एका वर्षात उरकणं चुकीचं आहे. त्या गटात मूल दोन वर्षं खेळू शकतं.

तीन महिन्यांची फी एकदम भरण्याआधी दोन आठवडे दोन्ही बॅचमध्ये जाऊ द्या: आठवड्यातले दोन दिवस खालच्या रंगात, एक दिवस वरच्या. वरच्या दिवशी मूल निम्म्या रॅलीत टिकत नसेल तर अजून महिनाभर थांबा. खालची बॅच मिळाली म्हणून घरी तोंड पाडू नका. पोराला बॉलचा रंग आईबाबांच्या चेहऱ्यावरूनच कळतो.

पावसाळ्याचा विचार आत्तापासून करा. जूनच्या मध्यापासून उघड्या कोर्टांवर आठवड्यात दोन-तीनच दिवस खेळ होतो, कधी तेवढाही नाही. सप्टेंबरअखेर परत सुरू करताना पहिले दोन आठवडे एक रंग खाली ठेवा, मग वर सांगितलेली चाचणी पुन्हा घ्या आणि त्यावरूनच हिवाळ्याची बॅच ठरवा.